सोळाशे रोपांची शिदोरी

१२ जानेवारी

बारक्या,

हे पत्र मी लिहितेय, पण टाकणार नाही. ऑफिसातल्या नमुन्यांच्या खाकी पाकिटात घालून कपाटात ठेवणार आहे. तुला कळू द्यायचं नाही असं मी तुझ्या बायकोला कबूल केलंय आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. तू शेहेचाळीस वर्षांचा झालास तरी मला तू बारक्याच.

गुरुवारी तिचा फोन आला. शाळेच्या स्टाफरूममधून, दबक्या आवाजात. "ताई, मी फोन केलाय हे ह्यांना कळू देऊ नका." म्हटलं, नऊ वर्षांत आज फोन, म्हणजे काहीतरी भयंकर असणार. तुझ्या दोन्ही किडन्या मिळून चौदा टक्के काम करतात म्हणाली. तिचा रक्तगट जुळत नाही. "हे म्हणतात, ताईच्या कानावर जाता कामा नये," म्हणाली आणि रडायला लागली.

मला आधी राग आला, मग रडू आलं. मी आईचं आजारपण तुझ्यापासून लपवलं म्हणून तू नऊ वर्षं माझ्याशी बोलत नाहीस, आणि आता स्वतःचं आजारपण माझ्यापासून लपवतोस. एकाच माळेचे मणी आपण. आईचं तर आईनेच 'त्याला सांगू नको' म्हटलं होतं. तेव्हाही तुला सांगितलं होतं, आताही सांगते.

माझा रक्तगट तुझाच. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तुझ्या बायकोने सांगितलेल्या हॉस्पिटलात गेले. तिथल्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तपासण्यांचे कागद पाहिले, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं सगळं उत्तम आहे. फक्त तुम्ही जास्त आहात." अठ्ठ्याऐंशी किलो चारशे ग्रॅम. अठ्ठ्याहत्तरच्या खाली आल्याशिवाय मला टेबलावर घेणार नाहीत, कारण एवढ्या वजनाला कापाकापी माझ्याच जिवावर बेतू शकते. तुझ्याकडे वेळ किती, ते विचारलं. "सहा महिन्यांत झालं तर उत्तम. त्याच्या पुढचं मी सांगू शकत नाही," म्हणाल्या.

तर दहा किलो, सहा महिने. लहानपणी तू मला 'गोणी' म्हणायचास, आठवतं? त्या गोणीतून तुझ्यासाठी एक मूठभर वस्तू काढायची आहे आणि त्यासाठी आधी गोणी रिकामी करायची आहे.

त्यांनी मला आहारवालीकडे पाठवलं. माझ्या अर्ध्या वजनाची मुलगी. तिने एक कागद दिला. सकाळी स्मूदी: पालक, काकडी, अर्धं सफरचंद, दही, आणि त्यात मिश्र बिया, चार प्रकारच्या मिळून एक चमचा. मी तो शब्द दोनदा वाचला. बिया! सत्तावीस वर्षं मी दुसरं काय करतेय? लोकांनी पेरायला आणलेलं बियाणं तपासायचं. ओल्या कागदावर चारशे दाणे मांडायचे, उगवण पेटीत ठेवायचे, ठरल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचे. चारशेपेक्षा कमी दाण्यांवर आमच्याकडे मत देत नाहीत. ऑफिसात माझं नावच चारशेबाई पडलंय. एवढ्या वर्षांत लाखो दाणे चिमट्यात धरले, पण एकही तोंडात टाकला नाही.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

तीन आठवडे झाले. रोज सकाळी मिक्सर लावते आणि शेजारीण भिंतीवर टकटक करते. पहिल्या दिवशीची स्मूदी दिसायला भिंतीच्या ऑइलपेंटसारखी होती. नाक धरून प्यायले. दुसऱ्या दिवशी नाक सोडलं. आता मला ती आवडते, पण हे आहारवालीला सांगितलेलं नाही. आवडतं ते काढून घेतात, असा माझा या लोकांबद्दल संशय आहे.

एक गंमत सांगते. तिने सुचवलेल्या दुकानातून भोपळ्याच्या बियांचं पाकीट आणलं. माझी जित्याची खोड. खाण्याआधी चारशे दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवले. आठव्या दिवशी उघडले, तर एकही उगवलेला नाही. मी कोऱ्या कागदावर रीतसर अहवाल लिहिला, 'उगवण शून्य टक्के, माल नापास', आणि तो घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.

ती वाचून इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. "मॅडम, भाजलेत ते!"

"मग मेलेलं बी आहे, असं पाकिटावर लिहायला काय झालं?"

"मॅडम, ते पेरायचं नाहीये. खायचंय."

तिला काय कळणार! मला मेलेलं काही नको होतं. ज्या कामासाठी मी हे खातेय त्यात मेलेलं काही मिसळायला माझा हात धजेना. दुसऱ्या दुकानातून कच्च्या बिया आणल्या. भोपळा, सूर्यफूल, कलिंगड, जवस. सगळ्यांची चाचणी केली. भोपळा एकाहत्तर टक्के, जवस चौऱ्याण्णव. जवसाचे ते इवले कोंब पाहून सकाळी सकाळी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आणि तो 'चमचा' मी रद्द केला. चमचा हे काय माप झालं? तिचा चमचा वेगळा, माझा वेगळा, तुझ्या घरातला तिसराच. साहेबांकडे मागून ऑफिसातली जुनी मोजणीची फळी घरी आणली. लाकडी फळी, तिला शंभर खळगे, प्रत्येक खळग्यात एक दाणा बसतो. प्रत्येक जातीचे चार वेळा शंभर मोजते. निदान माझ्या बाजूने तरी हिशेबात चूक नको.

अजून वजन केलेलं नाही. तिने सोळा तारखेला बोलावलंय. रात्रीचं जेवण निम्मं केलंय, बिस्किटांचा डबा शेजारणीला देऊन टाकलाय. अंग हलकं वाटतं. मला वाटतं तीन किलो तरी गेले असतील.

ताई


१६ फेब्रुवारी

बारक्या,

नव्वद किलो शंभर ग्रॅम.

काट्यावरून उतरले, चपला काढल्या, पुन्हा चढले. मग कानातलेही काढले. नव्वद किलो शंभर ग्रॅम. पाच आठवड्यांत पावणेदोन किलो वाढले. त्या खोलीत मी खुर्चीवर बसून मोठ्याने रडले, त्रेपन्न वर्षांची बाई. मला सारखं दिसत होतं की तू वाट पाहतोयस, आणि कशाची वाट पाहतोयस हे तुला माहीतसुद्धा नाही.

आहारवाली घाबरली. खुर्ची ओढून शेजारी बसली. "मॅडम, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. काही सोडू नका."

सांगत गेले. फळीपाशी आले तशी ती थांबली. "किती मोजता म्हणालात?"

"चारशे."

"चारही प्रकार मिळून?"

"छे! प्रत्येकी."

ती हळूच म्हणाली, "भोपळ्याच्या चारशे बियांचं वजन किती होतं हो?"

अरे, मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी हजार दाण्यांचं वजन सांगते. कुठल्याही पिकाचं. त्यावर नव्या मुलांची परीक्षा घेते. आणि तोंड उघडून 'बहात्तर ग्रॅम' म्हणेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. बहात्तर भोपळा, वीस सूर्यफूल, कलिंगड धरून शंभराच्या वर. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही रोज जेवणाच्या आधी आणखी एक जेवण जेवताय." चमचा खोटा ठरवायला गेले आणि मीच खोटी ठरले. जिथे तिथे आपलं शहाणपण चालवायचं, ही आपल्या घराण्यातली खोड आहे.

घरी आल्यावर फळी पुढ्यात घेऊन बसले. फेकूनच द्यायची होती, पण एक दाणा उचलला, दातांनी मधोमध उकलला आणि भिंगाखाली धरला. अंकुर कुठे असतो माहितीये? टोकाला, टाचणीच्या डोक्याएवढा. बाकी सगळा दाणा म्हणजे शिदोरी. मुळं खाली गेली, पानं वर आली, उजेड मिळाला, की रोप आपलं आपण बघतं. तिथवर पुरावी म्हणून आईने आधीच बांधून दिलेली. हे मी फळ्यावर आकृती काढून शेकडो वेळा शिकवलंय. पण आज पहिल्यांदा मला ते कळलं, माझ्याच पोटावरून. मी रोज सोळाशे रोपांची शिदोरी खात होते! वजन वाढेल नाहीतर काय होईल?

मी तोंडात बोट घालून बसले रे. सत्तावीस वर्षं हातात धरलेली वस्तू, आणि तिच्यात एवढं भरलेलं आहे हे मला काट्याने सांगावं. पाच आठवडे गेल्याचं दुःख आहेच. पण खरं सांगते, त्या क्षणी मी दुःख विसरून त्या दाण्याकडेच बघत होते.

संध्याकाळी तुझ्या बायकोचा फोन आला. डायलिसिस सुरू केलंय म्हणाली. आठवड्यातून तीनदा. तू लोकांना 'साइटवर जातो' म्हणून सांगतोस म्हणे. पुलांचे आराखडे काढणारा माणूस, दिवसाआड साइटवर कसा जाईल? कुणाला खरं वाटत असेल?

उद्यापासून एक चमचा. सपाट.

ताई


३० मार्च

बारक्या,

शहाऐंशी. चार किलो उतरले. अजून आठ जायचेत आणि साडेतीन महिने उरलेत.

ऑफिसला चालत जाते. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढते, मध्ये दोनदा थांबते. आधी चारदा थांबत होते. भूक लागते तेव्हा दाणे चावून चावून खाते, एका चमच्याला दहा मिनिटं. सब्जा भिजवून ठेवते. कोरडा दाणा पाण्यात पडला की पाच मिनिटांत अंगाभोवती पाणी धरून बसतो. पोटात जाऊन तोच मला दुपारी एकपर्यंत गप्प ठेवतो. एवढासा जीव आणि माझ्यासारखीला गप्प करतो! तुला हे जमलं नव्हतं.

परवा केस विंचरताना आरशात गळ्याखाली दोन हाडं दिसली. मी घाबरले. काही आजार झाला की काय, म्हणून चाचपून पाहिली. मग कळलं, ती माझीच आहेत, जन्मापासूनची. किती वर्षं आत वाट बघत होती कुणास ठाऊक. मी त्यांच्यावरून बोट फिरवत उभी राहिले आणि ऑफिसला उशीर झाला.

तशीच हाडं आईची शेवटी वर आली होती. त्यामुळे आज तुला एक सांगते. हे पत्र टाकायचं नाहीच आहे, तर कागदावर तरी खरं लिहू दे.

आईने 'त्याला सांगू नको' असं म्हटलं नव्हतं. ते मी रचलं. ती तुझी आठवण काढत होती. रोज. दिवसातून दोन-दोनदा विचारायची आणि मी तिला 'निघालाय' म्हणून सांगायची. तुझी बढतीची परीक्षा होती. आधी दोनदा नापास झाला होतास, दुसऱ्या वेळी तुझी काय अवस्था झाली होती ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, बारा दिवस आहेत, पेपर संपला की बोलावू. डॉक्टर म्हणाले होते महिना काढेल. मी दिवस मोजले आणि ते चुकले. अकराव्या दिवशी ती गेली. तू आलास तेव्हा मला तुझ्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून तिच्या नावावर ढकललं. मेलेलं माणूस खोडून काढायला येत नाही.

मला तुझी भीती वाटत होती रे. अजून वाटते.

ताई


२० मे

बारक्या,

एक्याऐंशी. ऑफिसातल्यांना वाटतं मी प्रेमात पडलेय. साहेबांनी तर बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक ना?" म्हटलं, एवढं ठीक कधीच नव्हतं.

आज माझ्या पोटाचा फोटो काढला. नळीतून औषध सोडलं, अंगात ऊन पसरल्यासारखं वाटलं, मग डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. बारक्या, मी माझ्या किडन्या पाहिल्या! घेवड्याच्या दाण्यासारख्या, दोन, समोरासमोर. कडा गुळगुळीत, कुठे डाग नाही, सुरकुती नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "पहिल्या प्रतीचा माल आहे." त्या हसल्या. म्हणाल्या, डावी घेऊ.

आणि दुसरी? उजवी म्हणे हळूहळू थोडी मोठी होते आणि दोघींचं बरंचसं काम एकटी उचलते. तिला कुणी सांगत नाही. सोबतीण गेल्याचं तिचं तिला कळतं. मी त्यांना तीनदा विचारलं, खरंच? त्या म्हणाल्या, खरंच. मी त्रेपन्न वर्षं अशा वस्तू अंगात घेऊन फिरतेय आणि आजवर कौतुक केलं ते साड्यांचं.

पण खाली समुपदेशन करणाऱ्या बाईंनी विचारलं, "भावाला माहीत आहे ना?" माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं. त्या पुढे म्हणाल्या, "परवानगी देणाऱ्या समितीसमोर दोघांना शेजारी बसवतात. त्यांची संमती नसेल तर काहीच होत नाही."

म्हणजे आता तुला कळवायला हवं. आणि तुझ्या बायकोला दिलेला शब्द मोडायला हवा. तिला फोन केला. ती म्हणाली, "ताई, तुम्हीच कळवा. माझ्याने होणार नाही."

घरी येऊन ही सगळी पत्रं बाहेर काढली. आधी ठरवलं की मार्चचं काढून ठेवायचं. बाकीची वाच, हस, रागव, पण ते नको. ते वाचून तू 'हिचं मला काही नको' म्हणालास तर? मग माझ्या खरेपणापायी तुझा जीव जायचा. एक कागद ठेवून दिला तर कुणाचं काय बिघडतं? दोन तास तो कागद हातात होता. एकदा मधोमध घडी घालून फाडायलाही घेतला, टोकाला फाटलेलं तुला दिसेल.

पण आमच्या कामात एकच पाप मानतात. चाचणीआधी नमुन्यातले खराब दाणे वेचून काढायचे. मग उगवण शंभर टक्के दिसते आणि शेतात काहीच येत नाही. असं करणाऱ्या एकाला मी स्वतः घरी पाठवलंय. आता मीच तुला वेचलेला नमुना कसा पाठवू?

सगळी पत्रं पाकिटात भरली. उद्या सकाळी ऑफिसला जाताना पेटीत टाकेन. नाही म्हणायचं असेल तर म्हण. पण सगळं वाचून म्हण.

तुझी ताई


२४ जून

बारक्या,

पाकीट टाकल्यापासून मी मिक्सर लावायची तेव्हा फोन कानाजवळ धरून उभी असायची, आवाजात वाजला तर ऐकू यायचा नाही म्हणून. पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. एक दिवस चमचा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि अख्खं बिस्किटाचं पुडकं खाल्लं. दुसऱ्या दिवशी चमचा धुऊन घेतला. वजन वाढलं असतं तर तुझा नकार मीच तुझ्या आधी दिल्यासारखं झालं असतं.

मग तुझ्या बायकोचा फोन आला. तू पत्रं वाचलीस, दार लावून घेतलंस, चार दिवस कुणाशी बोलला नाहीस. पाचव्या दिवशी जेवताना तिला विचारलंस, "ताईचं आता वजन किती?"

किती माणसांनी मला हा प्रश्न आजवर विचारलाय आणि प्रत्येकाचा मला राग आलाय! एकोणऐंशी, असं सांग त्याला, म्हटलं. एकोणऐंशी आणि उतरतंय.

आज सकाळी काट्यावर सत्त्याहत्तर किलो सहाशे आलं. आहारवालीने टाळ्या वाजवल्या. मी तिला मोजणीची फळी भेट दिली, तिच्या भिंतीवर लावायला. कुणी शहाणपणा करायला लागलं की दाखव, म्हटलं.

आणि दुपारी समितीच्या खोलीत तू आलास. दारातून आलास तेव्हा मी तुला ओळखलं नाही. मी बारीक झालेय, तू झिजलायस. तुझा सदरा दुसऱ्याच कुणाचा असावा तसा दिसत होता. तू शेजारच्या खुर्चीवर बसलास. आपल्या दोघांमध्ये वीतभर अंतर होतं आणि नऊ वर्षांनी तुझा खोकण्याचा आवाज ऐकला.

अध्यक्षांनी विचारलं, "या तुमच्या कोण?"

"मोठी बहीण."

"त्या आपल्या मर्जीने देतायत, असं तुम्हाला वाटतं?"

तू म्हणालास, "तिच्या मर्जीशिवाय आमच्या घरात आजवर काही झालेलं नाही." खोलीतले सगळे हसले. मी हसले नाही, कारण तू हसत नव्हतास.

"तुम्हाला मान्य आहे?"

तू बराच वेळ टेबलाकडे बघत बसलास. मी मनातल्या मनात मोजत होते, तीसपर्यंत आले. मग सही केलीस आणि माझ्याकडे न बघता निघून गेलास. जिन्यात धापा टाकत थांबल्याचं वरून दिसलं. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.

तू मला माफ केलंस का, ते विचारत नाही. जगायला हो म्हणालास, तेवढं आज मला पुरे. आतून तर मी नाचतेय.

ताई


१२ जुलै, हॉस्पिटल

बारक्या,

हे पत्र पेन्सिलीने आहे, कारण आडवं पडून पेन चालत नाही. तू दोन भिंतींपलीकडे आहेस आणि तुझ्या खोलीत कुणाला सोडत नाहीत, म्हणून परिचारिकेच्या हाती पाठवतेय.

काल शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो तुझा. सर्जन उभे होते, टोपी काढून. म्हणाले, "लागली." मी म्हटलं, लागली म्हणजे काय, मला नीट सांगा, मी उगवण तपासणारी बाई आहे.

ते खरंच बसले आणि त्यांनी सांगितलं. माझ्यातून काढल्यावर ती बर्फात ठेवली. तेव्हा ती राखाडी पडते, थंडगार. मग तुझ्या पोटात ठेवली, तुझ्या नसांना जोडली आणि चिमटे काढले. तुझं रक्त आत शिरलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती गुलाबी झाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि टाके पुरे व्हायच्या आत तिने काम सुरू केलं. थेंब आला. त्यांनी आजवर शेकडो केल्यात, पण म्हणाले, तो थेंब दिसला की अजून खोलीतले सगळे गप्प होतात.

"किती वेळात?" मी विचारलं.

"तीन-चार मिनिटांत."

सत्तावीस वर्षांत मी कुठल्याही दाण्याला एका रात्रीच्या आत मोड आलेला पाहिला नाही. तीन-चार मिनिटं! माझ्या देहात एवढी वर्षं मुकाट राहिली, ती परक्या घरी जाऊन पाय धुवायच्या आत कामाला लागली. परक्या कसल्या, तुझ्याच म्हणा.

आज सकाळी परिचारिका तापमान लिहायच्या कागदाचा तुकडा घेऊन आली. "पलीकडच्यांनी दिलंय." तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं. आराखड्यावर लिहितोस तसं, सरळ, चौकोनी. नऊ वर्षांनी मला तुझं पत्र आलं आणि त्यात काय, तर लघवीचं माप! 'ताई, कालपासून साडेसात लिटर. अजून चालूच आहे.' मी ते परिचारिकेला वाचून दाखवलं, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईंना, मग फरशी पुसायला आलेल्या मावशींना. त्या म्हणाल्या, दृष्ट लागेल हो, हळू वाचा.

मागच्या बाजूलाही लिहिलंय हे मला नंतर दिसलं. 'आई माझ्याबद्दल काय काय म्हणाली ते सगळं लिही. गाळू नकोस.'

बरं, गाळत नाही. पहिले आठ दिवस ती नुसतं विचारायची, "निघाला का?" नवव्या दिवशी मला म्हणाली, "तू खोटं बोलतेस ते कळतं मला. राहू दे." दहाव्या दिवशी तिला खरंच वाटायला लागलं की तू बाहेरच्या खोलीत येऊन पोचलायस. मी तुला हाक मारायला उठल्याचं नाटक केलं, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, "लांबून आलाय, दमला असेल. झोपू दे त्याला. मी थांबते."

ताई